बांधकामासाठी मिश्रणयंत्राची निवड

नव्या इमारतीचे काम चालू असलेल्या जागी एक मोठे पिंप घरघरत फिरताना आपण पाहतो. त्यात खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी घातले जाते व थोड्याच वेळात तयार काँक्रीट बाहेर पडते. या यंत्राला सर्वजण मिक्सर म्हणतात. हेच काम फावड्यानेही होते. मग यंत्र कशासाठी? आणि यंत्र घ्यावयाचेच, तर ते कोणते? भिंतीचा टिकाऊपणा आणि मजुरांचे श्रम या दोहोंशी या प्रश्नाचा संबंध आहे.

मिश्रणाचा हेतू

वाळूचा प्रत्येक कण सिमेंटच्या ओल्या लेपाने वेढला जावा, हाच मिश्रणाचा हेतू होय. जेथे कण कोरडा राहतो तेथे जोड कच्चा राहतो. फावड्याने हे साधते. परंतु सकाळी ताज्या दमाने कालवलेला माल आणि दुपारी थकल्यावर कालवलेला माल सारखा उतरत नाही. म्हणून हाताने कालवलेल्या काँक्रीटात एक दशांश सिमेंट अधिक घालण्याची पद्धत आपल्या सरकारी बांधकामांत आहे.

यंत्राने माल मळण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सिमेंट प्रचारात येण्यापूर्वी बैल वर्तुळाकार चरातून दगडी चाक फिरवीत आणि त्याखाली चुना व वाळू मळली जाई. ही चुन्याची घाणी म्हणजे मिश्रणयंत्रच होते.

पिंपाचे यंत्र

फिरत्या पिंपाच्या आतील पाती माल वर उचलतात व तो स्वतःच्या वजनाने खाली कोसळतो. पिंप फार जलद फिरविले, तर माल कडेला चिकटून त्याच्याबरोबरच फिरू लागेल. १.२ मीटर व्यासाच्या पिंपात ही स्थिती मिनिटाला सुमारे ३९ फेऱ्यांना येते. म्हणून वेग त्याहून बराच कमी ठेवावा लागतो. जलद फिरणारे यंत्र अधिक चांगले, हा समज खरा नव्हे.

कोसळणारी खडी सिमेंटचे गोळे फोडते. त्यामुळे काँक्रीटास हे यंत्र उत्तम होय. गिलाव्याच्या मालात मात्र खडी नसते. तो चिकट असल्यामुळे पिंपात त्याचे गोळे होतात आणि पात्यांवर थर बसतो. त्यासाठी स्थिर पात्रात फिरत्या पात्यांनी माल मळणारे यंत्र अधिक योग्य. घाणीचे तत्त्व ते हेच.

हातात धरावयाचे यंत्र

लहान कामासाठी विजेच्या मोटारीला लांब दांडा व त्याच्या टोकाला पिळदार पाते बसविलेले यंत्र मिळते. त्याने बादलीतच माल कालवता येतो. जड, चिकट मालासाठी तळातून वर उचलणारे पाते घ्यावे. पातळ रंगासाठी वरून खाली ढकलणारे. वेग कमी ठेवावा, कारण अतिवेगाने मालात हवा शिरते. जिप्समचा गिलावा करताना आधी पाणी व मग भुकटी घालावी. बादली दर वेळी धुवावी. घट्ट झालेल्या जुन्या जिप्समचे कण नव्या मालास वेळेआधीच घट्ट करतात.

आकार किती असावा

आपल्याकडील ‘दहा-सात’ मिक्सरमध्ये १० घनफूट कोरडा माल मावतो व त्यापासून सुमारे ७ घनफूट, म्हणजे २०० लिटर, काँक्रीट मिळते. ५० किलोग्रॅम सिमेंटचे आकारमान सुमारे ३५ लिटर असते. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी घेतल्यास एका पोत्यास एकूण २४५ लिटर कोरडा माल होतो. तो या यंत्रात बसतो. अर्धे पोते अंदाजाने ओतण्याची वेळ येत नाही आणि प्रमाण बिघडत नाही.

गिलाव्याचा हिशेब निराळा आहे. १० चौरस मीटर भिंतीवर १२ मिलिमीटर जाडीचा थर देण्यास १२० लिटर माल पुरतो. खाचखळगे भरण्यास थोडा अधिक लागेल. एका गवंड्यास हे काम कित्येक तासांचे आहे. २०० लिटर माल एकदम कालवला, तर बराचसा भिंतीवर चढण्यापूर्वीच आळू लागेल. मग त्यात पुन्हा पाणी घालण्याचा मोह होतो आणि गिलावा दुबळा होऊन पुढे पोपडे सुटतात. तेव्हा यंत्राचा आकार कामाच्या गतीवरून ठरवावा, इमारतीच्या आकारावरून नव्हे.

वीज आणि सावधगिरी

१४०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर वीजप्रवाह घेते. म्हणून ते दिव्याच्या साध्या जोडणीवर न लावता मोठ्या जोडणीवर लावावे व भूजोडणी तपासावी. ओल्या जागी विजेचा धक्का प्राणघातक ठरतो. वीज नसेल तेथे डिझेलवर चालणारे पिंप उपयोगी पडते. पात्यांवर संरक्षक जाळी असावी आणि यंत्र फिरत असताना हात किंवा फावडे आत घालू नये. सिमेंटची धूळ फुप्फुसांना व ओले सिमेंट त्वचेला अपायकारक आहे. म्हणून नाकावर मुखपट्टी व हातांत मोजे अवश्य असावेत.

तात्पर्य, खडी आहे की नाही, एका तासात किती माल लागेल आणि वीज मिळेल काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली की यंत्राची निवड कठीण राहत नाही.