विंचवाच्या विषाचा हिशेब

मुलांनो, तुमच्या गावात विंचू उतरवणारं कुणी आहे का? आमच्या परभणी भागात पूर्वी गावोगावी असा एखादा तरी जाणता असायचा, काही ठिकाणी अजूनही आहे. कडब्याची गंजी उपसताना, गोवऱ्या काढताना, दगडी बांधात हात घालताना, नाहीतर रात्री अंगणातून अनवाणी जाताना कुणाला विंचू चावला, की त्याला उचलून जाणत्याकडे न्यायचं. तो मंत्र पुटपुटणार, कडुलिंबाचा पाला झाडणार, 'मांडीपर्यंत चढलं होतं, आता घोट्यापर्यंत उतरलं' असं सांगणार. आणि गंमत म्हणजे काही तासांनी, फार तर दुसऱ्या दिवशी, माणूस खरोखरच उठून कामाला लागणार!

मग मंत्रानं विष उतरतं की काय?

थांबा, घाईनं 'हो' म्हणू नका आणि शाळेत शिकवलं म्हणून घाईनं 'नाही'ही म्हणू नका. आधी विंचवाची थोडी ओळख करून घेऊ. (खरं तर विंचू चावत नाही, तो शेपटीच्या टोकाच्या नांगीनं डंख मारतो. पण आपण सगळे 'चावला'च म्हणतो, तर इथंही तसंच म्हणू.)

आपल्याकडे विंचवाच्या अनेक जाती आहेत. एक तो मोठा, काळाकुट्ट, जाडजूड चिमट्यांचा. त्याला इंगळी म्हणतात. इंगळी दिसली की भल्याभल्यांची बोबडी वळते. पण तिचं विष मानानं सौम्य. आग होते, सूज येते, माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी बरा होतो. दुसरा असतो लहानसा, तांबूस रंगाचा. त्याचे चिमटे बारीक आणि शेपटी मात्र जाड. बघून कुणी घाबरणारही नाही. पण खरा घातकी तोच, लाल विंचू. आणि तोसुद्धा प्रत्येक वेळी सारखंच विष सोडत नाही. कधी पुष्कळ, कधी थोडं, कधी जवळजवळ नाहीच.

आता हिशेब लक्षात येतोय का? विंचू चावलेल्यांतले बरेच जण काहीही केलं नाही तरी बरे होणारच असतात. ते बरे झाले की नाव मंत्राचं होतं. आणि एखादं लेकरू दगावलं तर? तर 'त्याचं आयुष्यच तेवढं होतं' असं म्हणायचं. बरे झालेले जाणत्याच्या खात्यावर, गेलेले नशिबाच्या खात्यावर. असा हिशेब मांडला तर कुठलाही उपाय रामबाणच ठरेल, नाही का?

आणि ही चूक काही फक्त मंत्रवाल्यांची नाही बरं का. औषध देणारा डॉक्टरही याच चुकीत अडकू शकतो. 'मी इंजेक्शन दिलं, रोगी बरा झाला' एवढ्यावरून इंजेक्शननं गुण आला असं ठरत नाही. मग ठरवायचं कसं? ही गोष्ट एका डॉक्टरांनी आडबाजूच्या छोट्या दवाखान्यात बसून केली. त्यांचं नाव डॉ. हिंमतराव बावस्कर.

हे आमच्या शेजारचे. आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड या गावी 1951 साली एका गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. पडेल ते काम करत ते शिकले, नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि 1976 मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे काय, हे खेड्यातल्या मुलांना सांगायला नको. दोन-चार खोल्या, थोड्या खाटा आणि बाहेर ओट्यावर बसलेली माणसं. मोठ्या शहरातली यंत्रं तिथं कुठली?

कोकणात लाल विंचू फार. शेतावर, गवतात, दगडमातीच्या घरांत. बिरवाडीत विंचू चावलेले रोगी येऊ लागले, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत त्यातले काही मरू लागले. त्यात लहान मुलंही असत. शरीर लहान आणि विष तेवढंच, म्हणून मुलांना धोका जास्त. पुस्तकात पाहावं तर यावर धड उपाय नव्हता. त्या काळात पश्चिम भारतातल्या रुग्णालयांत विषाची गंभीर लक्षणं दिसणाऱ्या दर 100 रोग्यांपैकी 25 ते 30 दगावत.

तरुण डॉक्टरनं काय करावं? बदली मागावी? डॉ. बावस्कर रोग्याच्या खाटेशी बसून राहिले. दर थोड्या वेळानं नाडी मोजायची, रक्तदाब मोजायचा, हातपाय चाचपायचे, छातीला नळी लावून ऐकायचं आणि सगळं वेळेसकट लिहून ठेवायचं. एक रोगी, दोन रोगी, दहा रोगी, असं करत नोंदी वाढत गेल्या. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा पराक्रम हाच. यात नाट्य काही नाही, पण रात्र रात्र जागून आकडे लिहायला फार चिकाटी लागते. तुम्ही पाचवीच्या प्रयोगवहीत आठ दिवस रोज मोडाची उंची लिहून बघा, चौथ्या दिवशी कंटाळा येतो!

हळूहळू नोंदींतून एक चित्र उभं राहिलं. लाल विंचवाचं विष चढणाऱ्या रोग्याला आधी उलटी होते, दरदरून घाम फुटतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. रक्तदाब खूप वाढतो. पुढे हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरू लागतं, दम लागतो, तोंडाला गुलाबी फेस येतो. म्हणजे माणूस मरतो तो हृदय आणि फुप्फुसं कोलमडल्यामुळे. पायाला डंख, आणि घाव छातीत! ही आधीची धोक्याची चिन्हं कोणती, हे सांगणारा त्यांचा लेख 1982 मध्ये 'द लॅन्सेट' मध्ये छापून आला. 'लॅन्सेट' हे लंडनहून 1823 पासून निघणारं वैद्यकाचं नामांकित साप्ताहिक. त्यात खेड्यातल्या दवाखान्यातली निरीक्षणं छापून आली, ही काही साधी गोष्ट नव्हे.

असं का होतं तेही समजून घ्या. आपल्याला एकदम भीती वाटली, समजा कुत्रं मागं लागलं, की छाती धडधडते, घाम येतो, हातपाय गार पडतात. शरीरात ॲड्रेनालिनसारखी रसायनं सुटतात म्हणून हे होतं. कुत्रं गेलं की ती थांबतात. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंवर असं काही काम करतं की ते थांबायचं नावच घेत नाहीत. रसायनांचा नुसता पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या आवळलेल्या वाटांमधून रक्त ढकलता ढकलता हृदय मेटाकुटीला येतं. शेताला पाणी देताना कुणी पाइप मुरगळून धरला तर मोटारीवर ताण येतो ना, तसंच.

मग उपाय काय? मोटारीला चाबूक मारायचा की मुरगळलेला पाइप मोकळा करायचा?

डॉ. बावस्करांनी पाइप मोकळा करायचं ठरवलं. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एम.डी. होऊन ते पुन्हा कोकणातच परतले होते. डॉक्टर असलेल्या त्यांच्या पत्नी प्रमोदिनीताई आता कामात बरोबर होत्या. रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोप्रुसाइड नावाचं औषध त्यांनी वापरून पाहिलं. ते शिरेतून थेंब थेंब द्यावं लागतं आणि सतत लक्ष ठेवावं लागतं. खेड्यात हे जमायचं कसं? मग त्यांचं लक्ष गेलं प्राझोसिनकडे. रक्तदाब कमी करायची ही एक साधी गोळी, तोंडानं घ्यायची. विंचवासाठी ती कुणी बनवलेली नव्हती. पण ती नेमकी त्याच ठिकाणी काम करते जिथं विषानं सुटलेली रसायनं रक्तवाहिन्या आवळतात. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणून रोग्याला झोपवूनच ठेवायचं. 1986 मध्ये बावस्कर पती-पत्नींचा प्राझोसिनवरचा लेख 'लॅन्सेट' मध्ये आला. गोळी वापरात आल्यावर गंभीर रोग्यांतलं मरणाचं प्रमाण शेकडा 1 च्या आसपास आलं.

आता तुमच्यातला चौकस मुलगा किंवा मुलगी हात वर करील. "सर, पण हेही मंत्रासारखंच झालं की! गोळी दिली आणि बरे झाले." शाबास! म्हणूनच गोष्ट इथं संपत नाही.

आमच्या परभणीला कृषी विद्यापीठ आहे. 'अमुक खत चांगलं' असं तिथं कुणी नुसतं म्हणून चालत नाही. सारख्या मापाचे तुकडे आखतात, काहींना खत देतात, काहींना नाही, बाकी सगळं सारखं ठेवतात आणि मग उतारा मोजतात. पण खत कुठल्या तुकड्याला घालायचं हे कोण ठरवणार? माणूस ठरवायला बसला तर नकळत चांगली जमीन आपल्या आवडत्या खताला देईल. म्हणून ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं, हे इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या गणितज्ञानं 1920 च्या दशकात पटवून दिलं. शेतातली ही युक्ती पुढे दवाखान्यात आली. 1948 मध्ये इंग्लंडमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची अशीच चिठ्ठीवार परीक्षा प्रसिद्ध झाली.

विंचवाच्या बाबतीत प्रश्न होता तो प्रतिविषाचा. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तापासून विषावर उतारा तयार करतात, तो हा. सापावर तो चालतो, हे आपल्याला ठाऊक आहे. विंचवावर चालेल का? ट्युनिशिया या आफ्रिकेतल्या देशात 825 रोग्यांवर अशी परीक्षा झाली. 1999 मध्ये निकाल आला की विंचू चावलेल्या सगळ्यांना सरसकट प्रतिविष देऊन फायदा दिसत नाही. पण तिथले विंचू वेगळे, प्रतिविष वेगळं. मग आपल्या लाल विंचवाचं काय? ट्युनिशियाचं उत्तर आपल्या वहीत उतरवून चालणार नव्हतं, गणित आपलं आपणच सोडवायला हवं होतं.

ते महाडला सुटलं. बावस्करांच्या तिथल्या रुग्णालयात विषाची लक्षणं असलेले 70 रोगी घेतले. 35 जणांना नुसती प्राझोसिनची गोळी आणि 35 जणांना गोळी अधिक प्रतिविष. कुणाच्या वाट्याला काय, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नाही. आणि एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या, गोळी दोन्ही गटांना होती. परीक्षा घ्यायची म्हणून ठाऊक असलेलं चांगलं औषध कुणाचंही काढून घेतलं नाही. माणसांवरच्या प्रयोगात हा नियम मोडून चालत नाही, माणूस म्हणजे सोयाबीनचा वाफा नव्हे.

दहा तासांनी मोजलं. नुसत्या गोळीच्या गटात 35 पैकी 8 जण पूर्ण सावरले होते. गोळी आणि प्रतिविष मिळालेल्या गटात 35 पैकी 32! सरासरी पाहिली तर पहिल्या गटाला सावरायला पावणेअठरा तासांच्या आसपास लागले, दुसऱ्याला आठ. हा निकाल 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये छापला गेला. आपण इतकी वर्षं जिचं नाव केलं त्या गोळीपेक्षा गोळी-प्रतिविषाची जोडी सरस निघाली, हे त्याच डॉक्टरांनी स्वतः मोजून जाहीर केलं. 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांचा फोटो तुमच्या घरच्यांनी पाहिला असेल.

आता तुमच्या कामाचं. विंचू बिळात, दगडाखाली, सरपणात, चपलेत, कुठंही दडून बसतो. मादी तर आपली पिल्लं पाठीवर घेऊन फिरते, 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ते यामुळेच. बूट-चपला झटकून घाला, रात्री बॅटरी घेऊन फिरा, शक्यतो खाटेवर झोपा, भिंतीच्या भोकात बोटं घालू नका. तरीही चावलाच तर डंखाच्या जागी ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. लहान मूल असेल तर त्याला पळवू नका, उचलून न्या. उलटी, घाम, गार हातपाय यांची वाट बघत घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा. वाटेत मंत्रवाल्याकडे थांबलात तर जातो तो वेळ, आणि विष काही वेळ लावत नाही.

आणि घरात घड्याळ असेल तर चावल्याबरोबर आधी त्याकडे बघा. किती वाजता चावला, पहिली उलटी किती वाजता झाली, हातपाय कधी गार पडले, हे पाटीवर, वहीवर, नाहीतर खडूनं भिंतीवर लिहून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात, आणि घाबरलेल्या मोठ्या माणसांना नेमकं तेच आठवत नसतं.