पाच टन ओढणाऱ्या गाडीला आजी-आजोबा जड का होतात?

अमेरिकेत मेअखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या आरंभी येणाऱ्या लेबर डेपर्यंतचा काळ हा भटकंतीचा हंगाम मानला जातो. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडील अनेक आई-वडील मुलांना भेटायला, नातवंडांच्या ओढीने तिकडे गेलेले असतात. मग यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनचा बेत ठरतो आणि हॉटेलांच्या खर्चाऐवजी ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ नेण्याची कल्पना पुढे येते. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे खाटा, ओटा, फ्रीज आणि न्हाणीघर असलेले चाकांवरचे छोटे घर. त्याला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीच्या मागे जोडून ते ओढावे लागते. ओढणारी गाडी बहुधा दारातच उभी असते, ती म्हणजे पिकअप. ‘ही गाडी पाच टन ओढते, ट्रेलर तर तीनच टनांचा आहे’ असा हिशेब मुलगा किंवा जावई मांडतो आणि तो सर्वांना पटतो. हिशेबात खोटे काही नाही. तो अपुरा आहे.

तिकडे घरोघरी दिसणाऱ्या फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५००, रॅम १५०० किंवा टोयोटा टुंड्रा या गाड्यांना ‘हाफ-टन’ म्हणतात. एके काळी या वर्गातील गाडीने अर्धा टन, म्हणजे तिकडच्या मापाने १,००० पौंड अथवा सुमारे ४५४ किलो ओझे पाठीवर घ्यावे, अशी अपेक्षा असे. गाड्या थोराड झाल्या, इंजिने बलदंड झाली, तरी नाव तेच राहिले. आजची हाफ-टन गाडी साधारणपणे ६०० ते ९०० किलो वाहते, काही त्याहूनही अधिक. तिच्यावरची पायरी ‘पाऊण टन’ गाड्यांची आणि तिसरी ‘एक टन’ गाड्यांची. या नावांनाही आता वजनाशी फारसे देणेघेणे उरलेले नाही.

येथे दोन क्रियापदे वेगळी ठेवली पाहिजेत: ओढणे आणि वाहणे. जाहिरातीत ठळक टाइपात छापतात ती ओढण्याची क्षमता. काही हाफ-टन गाड्यांच्या बाबतीत ती १३ हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५,९०० किलोंच्या वर जाते. हा आकडा मनाने ठरवलेला नसतो. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजत असे. आता ‘एसएई जे-२८०७’ नावाची सामायिक कसोटी आहे. अ‍ॅरिझोना राज्यातील डेव्हिस डॅमजवळची लांबलचक चढण, भर उन्हाळ्याचे तापमान आणि वातानुकूलन पूर्ण क्षमतेने चालू, अशा अवस्थेत ओझे ओढून दाखवावे लागते. मात्र या कसोटीत गाडीत किती माणसे धरलेली असतात? चालक आणि एक सहप्रवासी, प्रत्येकी १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. मागच्या आसनावर कोणी नाही. आजी नाही, आजोबा नाहीत, नातवंड नाही.

वाहण्याची क्षमता जाहिरातीत सहसा कोपऱ्यात असते. ती त्या विशिष्ट गाडीसाठी किती, हे चालकाचा दरवाजा उघडल्यावर खांबावर दिसणाऱ्या टायरविषयक लेबलवर लिहिलेले असते. माणसे आणि सामान यांचे मिळून वजन अमुक किलोंपेक्षा कधीही अधिक असू नये, अशा अर्थाचे एक वाक्य त्यावर असते. संपूर्ण व्यवहारात सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच, आणि सर्वांत कमी वाचले जाणारेही बहुधा हेच.

ट्रेलर तर स्वतःच्या चाकांवर चालतो, मग त्याचा गाडीच्या पाठीशी संबंध काय, अशी शंका येईल. त्याचे उत्तर बैलगाडी भरणाऱ्या माणसाला पूर्वापार ठाऊक आहे. गाडीत ओझे मागच्या बाजूला अधिक झाले, तर जू वर उचलले जाते आणि बैलांचा गळा आवळतो. गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणतात. पुढे फार झाले, तर जू बैलांच्या मानेत रुतते. म्हणून जाणता गाडीवान ओझे असे लावतो, की जुवावर थोडासाच, पण निश्चित दाब राहावा. ट्रॅव्हल ट्रेलरचा नियम हाच आहे. त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीतून गाडीच्या मागील जोडावर, म्हणजे हिचवर, पडला पाहिजे. हा भार गाडी ओढत नाही, ती तो वाहते. त्यामुळे दरवाजावरच्या आकड्यातून तो वजा करावा लागतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गाडीची ओढण्याची क्षमता ५,००० किलो, दरवाजावरचा आकडा ६८० किलो. ट्रेलर रिकामा असताना २,५०० किलोंचा. गॅसच्या टाक्या, बॅटरी, पाणी, भांडीकुंडी, अंथरुणे आणि शिधा भरल्यावर ३,००० किलोंचा. त्याच्या १३ टक्के, म्हणजे ३९० किलो, हिचवर आले. दोहोंना जोडणारा लोखंडी सांगाडा ४५ किलोंचा. मुलगा आणि सून मिळून १४५ किलो, नातवंड ३०. मागच्या हौद्यात सायकली, थंडपेटी आणि हत्यारांची पेटी मिळून ६०. बेरीज ६७० किलो. दहा किलो शिल्लक राखून गाडी नियमात बसली. आता आजी-आजोबा मागे बसले, त्यांचे मिळून १३० किलो. बेरीज ८०० झाली, मर्यादेपेक्षा १२० किलो अधिक. आणि हे सगळे घडले तेव्हा ओढण्याच्या क्षमतेपैकी फक्त ६० टक्केच वापरली गेली होती.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. गाडी जितकी महाग, तितकी तिची वाहण्याची क्षमता बहुधा कमी. सरकते काचेचे छत, विजेवर हलणारी कातडी आसने, मोठी चाके या सर्वांना वजन असते आणि ते त्याच आकड्यातून कापले जाते. म्हणून एकाच नावाच्या दोन गाड्यांत दोन-तीनशे किलोंचा फरक सहज आढळतो. शेजाऱ्याने त्याच गाडीने तसाच ट्रेलर नेला होता, हा पुरावा त्यामुळे कुचकामी ठरतो.

आकडा ओलांडला म्हणजे गाडी तत्क्षणी मोडून पडते असे नाही. मागचे टायर आणि अ‍ॅक्सल यांच्यावर ताण येतो, गाडीची शेपूट दबते, पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग आणि ब्रेक या दोन्हींची भिस्त ज्या चाकांवर, त्यांचीच पकड सैल होते. हे ध्यानात आल्यावर अनेक जण जो उपाय करतात, तो दुखण्यापेक्षा भयंकर आहे. हिचवरचा भार कमी व्हावा म्हणून ते जड सामान ट्रेलरच्या अगदी मागच्या भागात सरकवतात. वजनाच्या दृष्टीने बेरीज जमते, पण ट्रेलर उलाळ होतो.

उलाळ बैलगाडी जागच्या जागी तक्रार करते. उलाळ ट्रेलर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने तक्रार करतो. शेजारून एखादा मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला किंवा चालकाने मार्गिका बदलली, की ट्रेलरचे शेपूट हलते. योग्य भरलेला ट्रेलर एक-दोन हेलकाव्यांत शांत होतो. मागे जड असलेल्या ट्रेलरमध्ये, विशिष्ट वेगाच्या पुढे, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि अखेर ट्रेलरच गाडीला हाकू लागतो. उतारावर हे आणखी लवकर घडते, कारण मागून ओझे ढकलत असते.

अशा वेळी माणसाचा स्वभाव दोन चुका करवतो: स्टिअरिंग उलटसुलट फिरवणे आणि गाडीचा ब्रेक करकचून दाबणे. दोन्हींनी हेलकावे वाढतात. स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि केवळ ट्रेलरचे ब्रेक हाताने लावावेत. अशा ट्रेलरांना विजेवर चालणारे स्वतंत्र ब्रेक असतात आणि चालकापाशी त्यांचे नियंत्रक असते. त्यावरची छोटी कळ कुठे आहे, हे प्रवासाला निघण्यापूर्वी न पाहता बोटांना सापडले पाहिजे. ब्रेक लागले, की ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ रेषेत येतो.

भाराची वाटणी सुधारण्यासाठी कमानीच्या पट्टीसारख्या लवचिक पोलादी दांड्या असलेला हिच मिळतो. तो मागे एकवटलेल्या भाराचा काही अंश पुढच्या चाकांकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे सरकवतो. हाफ-टन गाडीला तो लावावाच, असे माझे मत. काही गाड्यांच्या जोडावरच त्याशिवायची मर्यादा ५,००० पौंड ओढण्याची आणि ५०० पौंड दाबाची, अशी स्पष्ट कोरलेली असते. पण या दांड्या वजन नाहीसे करत नाहीत. दरवाजावरचा आकडा त्यांनी वाढत नाही.

वाऱ्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर सुमारे अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच भिंत घेऊन आपण धावत असतो. वेग दुप्पट झाला, तर हवेचा विरोध चौपट होतो. इंधनाचा खर्च दुपटीवर गेला, तर आश्चर्य मानू नये. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. इतर राज्यांत ती नसली, तरी स्वतःपुरती पाळण्याजोगी आहे. चढणीपेक्षा उतरण अवघड, हे चोर्ला किंवा अनमोड घाट उतरणाऱ्याला सांगायला नको. तिकडे कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि तिथून दीर्घ उतार लागतो. पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर ब्रेक तापून निकामी होतात. आधीच खालचा गिअर घालून इंजिनालाच वेग आवरू द्यावा. ट्रेलरसाठी असलेला ‘टो-हॉल’ मोड हेच करतो.

मग आजी-आजोबांनी घरी बसावे काय? मुळीच नाही. त्यांना चालत्या ट्रेलरमध्ये बसवणे हा मात्र पर्याय नव्हे; अनेक राज्यांत त्याला कायद्याने मनाई आहे. लहान ट्रेलर घ्यावा, हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग. हौद्यातील जड सामान ट्रेलरमध्ये, पण चाकांच्या आसपास, जमिनीलगत ठेवावे. त्याचा थोडाच अंश हिचवर येतो. पाण्याची टाकी मुक्कामी पोहोचून भरावी, कारण दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. ती टाकी ट्रेलरमध्ये नेमकी कुठे आहे, हेही विचारावे. चाकांच्या मागे असेल, तर ती रिकामी केल्यावर हिचवरचा भार कमी न होता वाढतो. कुटुंबात दुसरी मोटार असेल, तर ज्येष्ठांनी तीतून यावे. भाड्याने ट्रेलर घेताना मालक बहुधा रिकामे वजन सांगतो. आपण ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पुढच्या भागात चिकटवलेल्या लेबलवरचे कमाल वजन पाहावे आणि १३ टक्के त्याचे काढावेत.

एवढे करूनही अंदाज तो अंदाजच. खनिजवाहू ट्रकांमुळे गोमंतकीयांना वजनकाटा नवा नाही. अमेरिकेतील महामार्गांवरच्या ट्रक-थांब्यांवर तसेच काटे असतात आणि खासगी वाहनालाही तिथे वजन करून मिळते. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांचे वजन स्वतंत्र छापून येते. इंधनाची टाकी भरून, सामान लावून आणि आजी-आजोबांना त्यांच्या आसनावर बसवूनच काट्यावर चढावे. नंतर ट्रेलर सोडून एकट्या गाडीचे वजन त्याच माणसांसह करावे. दोन पावत्या शेजारी ठेवल्या, की ट्रेलरचा किती भार प्रत्यक्षात गाडीवर येतो, ते समजते.