हाताची बाजू : गिटारच्या नेकला तेल

अँटॉप हिलच्या पूर्वेला मिठागरांचा पट्टा आणि त्यापलीकडे खाडी. पावसाळ्यात इथल्या वसाहतींमध्ये दारे फुगतात, कपाटांना वास येतो आणि खोळीतून काढलेली गिटार महिन्याभरात सुरावरून उतरलेली असते. रे रोड-दारूखान्याच्या वखारींतून लाकूड आणून घरीच गिटार घडवणाऱ्यापुढे शेवटी एक प्रश्न उभा राहतो : नेकवर काय चढवायचे? लॅकर, लाख की तेल? माझे मत पक्के आहे. वाद्याचा जो भाग डोळ्यांसाठी आहे तिथे चकाकी शोभते. नेक हाताची बाजू आहे, तिला तेल द्यावे.

कारखान्यांनी वेगळा मार्ग धरला. 1950च्या दशकात फेंडर आणि गिब्सन यांच्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असे. पुढे फेंडर पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनकडे वळली. हे थर टिकाऊ असतात, पण घामेजलेला अंगठा त्यांच्यावर चिकटतो, आणि मुंबईत अंगठा आठ महिने घामेजलेलाच असतो. व्हायोलिनचे कारागीर हे फार आधी ओळखून होते. व्हायोलिनच्या अंगावर सुरेख वॉर्निश असते, पण नेकची मागची बाजू जवळजवळ उघडी ठेवून तिला तेलाचा हलका हातच फिरवतात.

आपल्याकडे तंतुवाद्ये घडवण्याची राजधानी मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथले फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. घराण्याचा मूळ धंदा हत्यारांना धार आणि झिलई देण्याचा. त्या परंपरेतल्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तुणीच्या लाकडाच्या दांडीवर मिरजेत लाख चढते : चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापडाच्या बोळ्याने थरावर थर घासत जायचे. स्पेनच्या परंपरेतल्या उत्तम क्लासिकल गिटारीही याच पद्धतीने झळकतात. लाखेचे काम देखणेच आहे, त्याबद्दल दुमत नाही. मात्र घाम आणि स्पिरिट दोन्ही तिला सोसत नाहीत.

गिटारच्या नेकसाठी लोकप्रिय झालेले ‘ट्रू-ऑइल’ही हत्यारांच्याच दुनियेतले, बंदुकीच्या दस्त्यासाठी बनवलेले. अमेरिकेतली म्युझिक मॅन कंपनी आपल्या अनेक गिटारींच्या नेकना हेच दस्त्याचे तेल आणि वर मेण लावते. शस्त्रांची झिलई मिरजेत वाद्यांपर्यंत आली, तशी ती तिकडेही आली.

तेल म्हणजे मात्र कोणतेही तेल नव्हे. सतारवादक बोटांसाठी खोबरेल किंवा मोहरीच्या तेलात भिजवलेला कापूस जवळ ठेवतात; तिथे ते योग्यच, कारण खोबरेल वाळत नाही. नेकला वाळणारे तेल हवे. जवसाचे, म्हणजे अळशीचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडाच्या छिद्रांत चिवट थर जमतो. कच्चे जवस तेल वाळायला दिवसच्या दिवस घेते. ‘बॉइल्ड’ नावाने मिळणाऱ्यात शुष्ककारक धातुक्षार असतात, ते दिवसा-दोन दिवसांत बसते. विदर्भात जवस पिकतो, चटणीही होते. माटुंग्याच्या मैदानांवर खेळलेल्या कुणालाही बॅटला अळशीचे तेल पाजणे सांगावे लागत नाही. चीनमधले टुंग तेल पाण्यापुढे अधिक टिकते, पण महाग.

लाकूडही बघावे. मेपलला तेल सहज बसते. सागवान आणि शिसम यांच्यात स्वतःचे तेलकट द्रव्य असते, त्यामुळे वरचे तेल वाळायला अडते. आधी स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावे. नेक चिकटवायची असेल तर सांध्यावर तेलाचा थेंबही नको, सरस धरणार नाही.

आता काम. 120 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 180, 240, 320 असे चढत जावे, नेहमी रेषांच्या दिशेने. मग ओलसर फडके फिरवावे. तंतू उभे राहतात. वाळल्यावर 400ने अलगद मोडावेत. ही पायरी गाळली की पहिल्याच थरानंतर नेक खरखरते. थर इतका पातळ द्यावा की दिला की नाही असा संशय यावा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले सगळे पुसून काढावे. पुसण्यात हयगय झाली की चिकट सायीसारखे डाग राहतात. दोन थरांमध्ये किमान दिवसभर. तीन ते पाच थर पुरतात. मध्ये 0000ची स्टील वुल फिरवायची, तर पिकअप टेपने झाकावेत. लोखंडाचा कीस पिकअपच्या चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही. शेवटी मेण.

हे सगळे जुलैत करू नये. दमट हवेत तेल रेंगाळते आणि भरून आलेल्या लाकडावर थर अडकतो. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते, तोच मुहूर्त. तेलाने ओल थांबते हा गैरसमजही काढून टाकावा. तेलाचा थर ओलावा फारसा अडवत नाही, म्हणून पावसाळ्यात नेकच्या आतला ट्रस रॉड थोडा फिरवावा लागतोच. तेलाचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. लॅकर उडाला तर दुरुस्ती किचकट असते. तेलाच्या नेकला ओरखडा आला की तेवढ्याच जागी घासून पुन्हा तेल देता येते. दोन खोल्यांच्या घरात, स्प्रे-गन आणि कॉम्प्रेसर नसताना, ही सोय मोठी आहे.

एक इशारा मात्र मनापासून. जवस तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, ती बोळ्याच्या पोटात साठते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चाळीत, वसाहतीत घरे एकमेकांना लागून असतात. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून मगच टाका.