एका एकराचा कारभार

घरात दाणे किती उरले, तेल किती, पाहुणा आला तर भाकरी किती थापायच्या, याचा हिशेब ज्या बाईच्या बोटांवर असतो, तिला रानात काय पेरायचे हे मात्र कोणी विचारीत नाही. पेरायला ती, खुरपायला ती, काढायला ती. पण आडतीवर पट्टी घ्यायला मालक! आपल्याकडची ही रीत धाराशिव जिल्ह्यातल्या काही गावांत बायांनी थोडी सरकवली. ती कशी सरकली, हे समजून घेण्यासारखे आहे.

गोष्ट सुरू होते ती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. गणपती विसर्जन करून लोक झोपी गेले होते आणि 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हलली. लातूरकडचे किल्लारी, उमरग्याकडचे सास्तूर आणि आसपासची गावे मातीखाली गेली. जवळजवळ दहा हजार माणसे दगावली. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून घरदुरुस्तीची योजना आली. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाला द्यायचे आणि दुरुस्ती त्याने स्वतः करून घ्यायची. आता हप्ता कधी मिळतो, भिंत मजबूत कशी करायची, हे घरोघर सांगणार कोण? ते काम गावोगावच्या महिला मंडळांतील बायांवर सोपविले गेले. त्यांना नाव मिळाले ‘संवाद सहायक’. या कामी प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था त्यांच्या पाठीशी होती.

एंजिनियरला भिंत कळते, पण भिंतीआड कोण राहते, कोणा भावाभावांचे पटत नाही, कोणत्या घरी म्हातारीच्या शब्दावाचून पान हलत नाही, हे गावच्या बाईलाच ठाऊक. कोणाशी उंबऱ्यावर बोलायचे आणि कोणाशी पाणवठ्यावर, हे तिला शिकवावे लागत नाही. धंद्यात याला फार मोठी विद्या समजतात. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-धाराशिवकडच्या बाया तिथल्या बायांना आपला अनुभव सांगायला गेल्या. ज्यांनी तालुक्याचे गावही धड पाहिले नव्हते, अशा घरांतल्या बाया होत्या त्या!

मग बचत गट झाले, लहानसहान धंदे झाले. आणि 2012 पासून एकामागून एक दुष्काळ आले. 2016 च्या उन्हाळ्यात तर शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. रानात सोयाबीन आणि ऊस, घरात मात्र डाळ विकत, भाजी विकत. सोयाबीन वाळले की पैसाही नाही आणि खायलाही नाही. या पेचातून संस्थेने व बायांनी मिळून एक एकराची शेती पुढे आणली. घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर बाईने आपल्या विचाराने करायचा. त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद आणि कडेने माळवे, अशी आठ-दहा पिके घ्यायची. खत घरचे, बियाणे शक्यतो घरचे, पाणी तुषार किंवा ठिबकने. एक पीक गेले तरी दुसरे पदरात पडते.

ऐकायला सोपे आहे. अवघड आहे ते मालकाकडून एकर मागून घेणे. इथेच बाईची खरी परीक्षा. हक्क म्हणून भांडायला उभी राहिली, तर सासूपासून दिरापर्यंत सारे एका बाजूला जातात. शहाणी बाई विहिरीजवळचे काळे रान मागतच नाही. ती बांधाकडचा, कमी पिकाचा तुकडा मागते. एका हंगामापुरता मागते. आणि घरखर्चाला हात लावणार नाही असे सांगते. नवऱ्याच्या मनात भीती असते ती पैशाची कमी आणि चावडीवर हसू होण्याची जास्त. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी तो खपता खपेना. शेतकऱ्याला आधी नांगर दाखवावा लागला, नांगरलेले रान दाखवावे लागले. एकर मागणाऱ्या बाईचेही तसेच. किराणा दुकानाची उधारी कमी झालेली दिसली, म्हणजे पुढच्या साली तुकडा आपोआप मोठा होतो.

पुढारीपणाही इथे निराळाच. गावात भाषण करणारी बाई बायांना हवी नसते. जिच्या रानात जाऊन भेंडीवरची कीड पाहता येते, ती हवी असते. अशा जाणत्या बाया ‘कृषी संवाद सहायक’ म्हणून दुसऱ्यांना शिकवतात. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक या संस्थेला मिळाले.

पण सारेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. एक एकराने पाऊस वाढत नाही. सकाळी पाणी, चूल, जनावरे, मग मालकाच्या रानात खुरपणी आणि वर आपला एकर. बाईचे काम कमी झाले नाही, वाढलेच. घरच्या पुरुषांनी चार घागरी पाणी आणले तर काही बिघडत नाही, पण ते सांगायचे कोणी? आणि दोन पाट्या भाजी घेऊन आठवडी बाजारात बसणाऱ्या बाईला व्यापारी भाव पाडून मागतो. चौघींनी माल एकत्र केला तर भाव धरता येतो. मात्र चौघींचे जमले पाहिजे, आणि पैसे त्याच दिवशी सगळ्यांसमोर मोजून वाटले पाहिजेत. पैशाची गोष्ट अंधारात राहिली की गट फुटलाच म्हणून समजा.

सर्वांत अडते ते सातबाऱ्यावर. 2015-16 च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील शंभर वहिवाटदार खातेदारांत बाया साधारण चौदाच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम काढली होती, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. एका गावात शंभर घरांनी तसे केले की ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणत. बाईने एकर कितीही हिरवा केला, तरी उताऱ्यावर तिचे नाव नसेल तर पीककर्जाला बँक मालकालाच बोलावते, आणि ठिबकच्या अनुदानाचा अर्जही त्याच्याच नावाने भरावा लागतो. येत्या पेरणीच्या आधी, जिच्या हातचे माळवे तुमच्या ताटात येते तिचे नाव उताऱ्यावर आहे का, एवढे तलाठ्याकडून पाहून घ्या.