मनगटावरील हृदयस्पंदन मापक उपकरणे आणि आरोग्यचिंता : एक विवेचन

बीजशब्द : आरोग्यचिंता, हृदयस्पंदन, स्मार्टवॉच, एट्रिअल फिब्रिलेशन, आश्वासन-शोध, बोधात्मक वर्तनोपचार.

प्रस्तावना :

स्वतःच्या नाडीचे ठोके मोजणे ही काही दशकांपूर्वीपर्यंत वैद्यकीय तपासणीच्या वेळी घडणारी बाब होती. फिनलंडमधील पोलार या कंपनीने १९८२ मध्ये खेळाडूंसाठी बिनतारी हृदयस्पंदन मापक बाजारात आणला आणि हे मोजमाप दवाखान्याबाहेर आले. २०१५ मध्ये अ‍ॅपल वॉच विक्रीस आले. २०१८ मध्ये त्यात विद्युत-हृदयालेख म्हणजे ईसीजी काढण्याची सोय झाली व २०१९ मध्ये ती भारतातही उपलब्ध झाली. आज अल्प किमतीचा साधा मनगटपट्टादेखील दिवसरात्र ठोके मोजत असतो. या सोयीचे लाभ निर्विवाद आहेत. तथापि काही व्यक्तींच्या बाबतीत हेच मोजमाप चिंतेचे कारण ठरते. ही चिंता कशी निर्माण होते, कशी टिकून राहते व तिचे निवारण कसे करता येते याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरोग्यचिंता : संकल्पना :

आपल्याला गंभीर आजार झाला आहे किंवा होणार आहे, या विचाराने मन सतत व्यापलेले असणे म्हणजे आरोग्यचिंता होय. पूर्वी यासाठी 'हायपोकॉन्ड्रियासिस' ही संज्ञा वापरली जात असे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) ही संज्ञा वगळण्यात येऊन तिच्या जागी 'आजारचिंता विकृती' आणि 'शारीरिक लक्षण विकृती' असे दोन स्वतंत्र प्रकार मानण्यात आले. यातील भीती काल्पनिक आजाराची असली तरी होणारा त्रास मात्र काल्पनिक नसतो, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

हृदयाविषयीची चिंता नवीन नाही. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांमध्ये छातीत धडधड, वेदना व थकवा ही लक्षणे आढळत. परंतु हृदयात दोष सापडत नसे. जेकब मेंडिस द कोस्टा या वैद्याने १८७१ मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. त्या सैनिकाजवळ केवळ धडधडीची जाणीव होती. आजच्या व्यक्तीजवळ त्या जाणिवेच्या जोडीला एक आकडा आहे, हा दोन काळांतील महत्त्वाचा फरक होय.

उपकरणाचे कार्य व मर्यादा :

मनगटावरील बहुतेक उपकरणे प्रकाशाच्या साहाय्याने ठोके मोजतात. घड्याळाच्या तळाशी असणारे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते, त्यामुळे परत येणारा प्रकाश कमी होतो. या चढउतारावरून उपकरण ठोक्यांची संख्या ठरविते. म्हणजेच ते हृदयाचे विद्युतकार्य प्रत्यक्ष पाहत नाही, रक्तप्रवाहावरून अनुमान करते. पट्टा सैल असणे, हात हलणे, त्वचा थंड पडणे अथवा मनगटावर गोंदण असणे यांमुळे हे अनुमान चुकू शकते. चालताना वा धावताना पावलांच्या तालालाच नाडीचा ताल समजण्याची चूकही उपकरणाकडून होते.

दुसरी बाब अशी की, आकडा बरोबर असला तरी त्याचा अर्थ लावणे सोपे नसते. प्रौढ व्यक्तीच्या विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. मात्र झोपेत ते ६० च्या खाली जाणे स्वाभाविक आहे आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांत ४० च्या आसपासही ते आढळतात. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात व सोडताना कमी होतात. उठून उभे राहणे, जिना चढणे, ताप, शरीरातील पाणी कमी होणे, चहा-कॉफी, जागरण, रागाचा प्रसंग या प्रत्येकाने ठोके वाढतात. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे निरोगी व्यक्तींतही सामान्य आहे. निरोगी हृदय घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकसारखे चालत नाही. परिस्थितीनुसार बदलणे हाच त्याचा धर्म आहे.

चिंतेचे चक्र :

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये भीतीच्या झटक्याचे जे बोधात्मक स्पष्टीकरण मांडले, ते येथे उपयुक्त ठरते. त्यानुसार शारीरिक संवेदनेचा अनर्थकारक अर्थ लावला जाणे हे झटक्याचे मूळ होय. एखादी व्यक्ती रात्री घड्याळात ९८ हा आकडा पाहते. 'बसलेली असताना इतके ठोके कसे?' असा विचार येतो. भीतीमुळे अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होऊन अ‍ॅड्रिनलिन स्रवते व ठोके ११० होतात. पुन्हा पाहिल्यावर वाढलेला आकडा भीतीला दुजोरा देतो. येथे उपकरण खोटे बोलत नाही. परंतु जी गोष्ट ते मोजते ती मोजण्याच्या कृतीनेच बदलत असते.

या प्रक्रियेस प्रायोगिक आधारही आहे. अँके एलर्स व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भीतीच्या झटक्यांचा विकार असणाऱ्या व्यक्तींना त्यांचे ठोके अचानक वाढल्याचा खोटा संकेत देण्यात आला. त्यांची चिंता तर वाढलीच, शिवाय हृदयाचे ठोके व रक्तदाबही प्रत्यक्षात वाढले.

चक्र टिकून राहण्यास 'आश्वासन-शोध' कारणीभूत ठरतो. पॉल सालकोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की, वारंवार तपासणी करणे व इतरांकडून धीर मिळविणे यांमुळे क्षणभर बरे वाटते, पण दीर्घकाळात चिंता वाढते. पूर्वी आश्वासनासाठी डॉक्टरांपर्यंत जावे लागे. आता ते मनगटावर, मध्यरात्रीही उपलब्ध आहे. मिळालेला दिलासा मात्र पुढच्या आकड्यापर्यंतच टिकतो.

एक नोंदलेले उदाहरण :

लिंडसे रोझमन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अमेरिकेतील एका ७० वर्षीय महिलेचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तिला मधूनमधून उद्भवणारे एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, हा विकार होता. एका वर्षात तिने आपल्या स्मार्टवॉचवर ९१६ वेळा ईसीजी काढला आणि बाह्यरुग्ण विभाग व तातडीच्या सेवा मिळून १२ भेटी दिल्या. हृदयविकार बळावल्याचे कारण यामागे नव्हते. तिला आजारचिंता विकृतीचे निदान होऊन बोधात्मक वर्तनोपचार देण्यात आले. आजार खरा असतानाही त्याविषयीची चिंता हा स्वतंत्र उपचाराचा विषय असू शकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

याच अभ्यासकांच्या गटाने २०२४ मध्ये एट्रिअल फिब्रिलेशन असलेल्या १७२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपकरण वापरणारे रुग्ण न वापरणाऱ्यांपेक्षा आपल्या लक्षणांत अधिक गुंतलेले आढळले. तसेच वापरणाऱ्यांपैकी सुमारे एक पंचमांश जणांना अनियमित ठोक्यांच्या सूचनेमुळे तीव्र भीती वाटत होती. अर्थात उपकरणामुळे चिंता वाढते की मुळात चिंतातुर व्यक्तीच ते अधिक वापरते, याचा निर्णय अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून होत नाही.

सूचनेचा संख्याशास्त्रीय अर्थ :

'अनियमित ठोके' अशी सूचना येणे म्हणजे निदान होणे नव्हे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीमध्ये ४,१९,२९७ व्यक्ती सहभागी होत्या. त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे सुमारे ०.५२ टक्के जणांना, अशी सूचना मिळाली. नंतर छातीवर पट्टी लावून तपासलेल्या ४५० जणांपैकी ३४ टक्के जणांत एट्रिअल फिब्रिलेशन आढळले. उरलेल्या सर्वांच्या सूचना खोट्या होत्या असे मात्र म्हणता येत नाही. कारण हा विकार येतो-जातो आणि पट्टी काही दिवसांनंतर लावली गेली होती.

वयाचा परिणाम समजण्यासाठी एक काल्पनिक गणित पाहू. समजा, एखादे उपकरण १०० रुग्णांपैकी ९० अचूक ओळखते आणि १०० निरोगी व्यक्तींपैकी एकीला चुकीची सूचना देते. दहा हजार तरुणांपैकी १० जणांना विकार असेल, तर ९ सूचना खऱ्या व सुमारे १०० सूचना चुकीच्या ठरतील. दहा हजार वृद्धांपैकी ५०० जणांना विकार असेल, तर ४५० सूचना खऱ्या व ९५ चुकीच्या ठरतील. उपकरण तेच, अचूकताही तीच. तरीही तरुणाच्या बाबतीत सूचना खरी असण्याची शक्यता आठ टक्के आणि वृद्धाच्या बाबतीत त्र्याऐंशी टक्के येते.

निवारणाचे मार्ग :

उपकरण फेकून देणे हा सर्वांसाठी उपाय नाही. एट्रिअल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. वृद्ध व्यक्तीला वेळीच मिळालेली सूचना मोलाची ठरू शकते. म्हणून वापराची शिस्त महत्त्वाची आहे.

१) एका आकड्यापेक्षा काही आठवड्यांचा कल पाहावा.
२) चिंता वाटली म्हणून लगेच मोजू नये, मोजण्याची इच्छा थोडी लांबविल्यास ती आपोआप ओसरते, असा उपचारातील अनुभव आहे.
३) अनावश्यक सूचना बंद कराव्यात व झोपताना घड्याळ काढून ठेवावे.
४) सूचना वारंवार येत असल्यास डॉक्टरांना एकदा नीट दाखवावे आणि पुन्हा केव्हा यावे, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.
५) छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काहीही घडल्यास घड्याळ काय दाखविते याची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

चिंता दैनंदिन कामात अडथळा आणत असल्यास मानसोपचार घेण्यात संकोच बाळगू नये. पीटर टायरर व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील रुग्णालयांतील ४४४ रुग्णांवर केलेल्या व 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आरोग्यचिंतेसाठीचा बोधात्मक वर्तनोपचार नेहमीच्या उपचारांपेक्षा परिणामकारक ठरला. भारतात २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शन मिळू शकते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, हृदयस्पंदन मापक उपकरण स्वतः चिंता निर्माण करीत नाही. ते माहिती देते आणि त्या माहितीचा अर्थ मन लावते. अर्थ लावण्याचे शिक्षण न देता आकडा हाती दिला गेला, तर सोयीचे रूपांतर जाचात होण्यास वेळ लागत नाही. यास्तव उत्पादकांनी सूचनांची भाषा अधिक स्पष्ट करणे, डॉक्टरांनी 'तुम्हाला काही झालेले नाही' एवढ्यावर न थांबता चिंतेचे चक्र समजावून सांगणे आणि कुटुंबीयांनी चिंताग्रस्त व्यक्तीची थट्टा न करणे आवश्यक आहे. ठोके मोजता येणे हे ज्ञानाचे साधन आहे. ते कधी मोजू नयेत हे कळणे हाही त्याच ज्ञानाचा भाग होय.