जबड्यातली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते

विदर्भात कुणाचा जबडा सुजला की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘खर्रा खातो का?’ ही भीती खोटी नाही. खर्ऱ्याने आपल्या वस्त्यांतली कर्ती माणसे नेली आहेत. पण भीतीपोटी कुणी तपासणीच टाळतो, तर कुणी न तपासताच कॅन्सर ठरवून मोकळा होतो. म्हणून आज आम्ही श्वानोमा या दुर्मीळ, पण साध्या गाठीविषयी सांगत आहोत.

विजेच्या तारेवर असते तसे आपल्या नसांवर श्वान पेशींचे आवरण असते. या पेशी वाढून झालेली गाठ म्हणजे श्वानोमा. हाडाच्या आत ती क्वचितच होते. हाडांच्या प्राथमिक गाठींत तिचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. झालीच तर बहुधा खालच्या जबड्यात होते, कारण दातांना आणि ओठाला संवेदना देणारी नस या हाडातल्या लांब नळीतून जाते.

गाठ हळूहळू वाढते. सूज येते, कधी दुखते, दात हलतात, ओठ बधिर होतो. एक्स-रेत रेखीव कडेची पोकळी दिसते. पण दाताची सिस्ट आणि अमेलोब्लास्टोमाही तसेच दिसू शकतात. सीटी स्कॅन, एमआरआय गाठ किती पसरली ते सांगतात; तिचे नाव सांगते बायोप्सी. काढलेल्या तुकड्यावर एस-१०० तपासणी करून श्वान पेशींची खात्री करतात. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ या धास्तीने बायोप्सी टाळू नका. अमेलोब्लास्टोमात कधी जबड्याचा भागच कापावा लागतो; श्वानोमा बहुधा खरवडून काढता येतो.

शस्त्रक्रियेत शक्य तेथे नस वाचवतात, मोठ्या पोकळीत हाडाचे कलम भरतात. ओठ बधिर राहू शकतो का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. एरवी केमोथेरपी लागत नाही. पूर्ण काढलेली गाठ क्वचितच परत येते; तरी सांगितलेल्या तारखांना दाखवायला जा.

नागपुरात मेडिकल, शासकीय दंत महाविद्यालय आणि मिहानमधील एम्स आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणता खर्च बसतो, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

वंदनेत आपण धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या आणि स्वतः पाहा. गाठीबाबतही हेच धोरण ठेवा. अंगारे-धुपारे नकोत, अंदाजही नकोत. आणि गाठ साधी निघाली म्हणून खर्रा निर्दोष सुटत नाही. तो त्याच दिवशी सोडा.