डाल्मेशियनची वंशावळ

जातिवंत कुत्रा नाजूक आणि संकरज कुत्रा काटक, असे आपण सरसकट म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ आनुवंशिक विकारांपैकी १० जातिवंतांत अधिक आढळले, १३ दोहोंत सारखेच, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा एक विकार तर संकरजांतच अधिक. आयुर्मानाविषयी बोलायचे, तर शरीराचे आकारमानही पाहावे लागते. लहान चणीची कुत्री सामान्यतः मोठ्यांहून अधिक जगतात.

परंतु शुद्धतेचा हट्ट कोठवर जातो, हे ठिपकेदार डाल्मेशियनच्या इतिहासात दिसते. या जातीच्या मूत्रात यूरिक आम्ल फार. त्यामुळे विशेषतः नरांना मुतखडा होतो. दोष एका जनुकाचा, आणि तो साऱ्याच शुद्ध डाल्मेशियनांत! मग शुद्ध रक्तात उपाय सापडावा कसा? १९७३ साली डॉ. रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी एकदाच संकर केला आणि पुढे प्रत्येक पिढी पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवली. ठिपके राहिले, दोष गेला. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने त्यांतील दोन कुत्र्यांची नोंद केली. पण जातीच्या अभिमान्यांनी विरोध करताच दार बंद झाले. ते उघडले २०११ साली!

ज्यांच्या पणजोबांचे सारे कूळ गिरमिटाच्या कागदावरील एका क्रमांकात मावले, त्यांना या रक्ताभिमानाचे हसूच यावे.

आता हे जनुक प्रयोगशाळेत तपासता येते. डाल्मेशियनचे पिलू घेताना वंशावळीबरोबर तो दाखलाही मागावा.